भिंतीबाहेरचा मनोविकारतज्ज्ञ : डॉ. नरेंद्रनाथ विग

इतिहासाच्या धाग्यांत राजे, लढाया, तह आणि बखरी यांची गर्दी असते. वैद्यकीय महाविद्यालयातील एखादा विभागप्रमुख तिथे सहसा फिरकत नाही. आजचा धागा मात्र अशाच एका विभागप्रमुखाविषयी आहे. मन बिघडलेल्या माणसाला समाजाने कुठे ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक राजवटीला पडलेला आहे. स्वतंत्र भारतात त्याचे जुने उत्तर बदलू लागले, त्या बदलाशी डॉ. नरेंद्रनाथ विग यांचे नाव जोडलेले आहे. त्यांच्या कामाची थोरवी आणि त्यातील एक अडचण, या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आलेल्या आहेत. त्यामुळे धागा थोडा लांबणार आहे.

आधी जुने उत्तर पाहू. ते म्हणजे भिंत. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले, आणि त्याच वर्षी वेड्यांच्या इस्पितळांविषयीचे कायदे झाले. पुढे १९१२ चा ‘इंडियन लूनसी अॅक्ट’ आला आणि तो थेट १९९३ पर्यंत टिकला. या कायद्यानुसार रुग्णाला सक्तीने दाखल करण्याची वाट प्रायः मॅजिस्ट्रेटच्या आदेशातून जाई. म्हणजे आजारी माणूस आधी कायद्याच्या हाती पडे आणि मग डॉक्टरच्या. १९२० च्या सुमारास ‘असायलम’ ही पाटी उतरून ‘मेंटल हॉस्पिटल’ ही पाटी लागली. पाटी बदलली, भिंतीची उंची तीच राहिली.

या भिंतीआड जागा तरी किती होती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातील हिशेब असा आहे : सुमारे ४० कोटी लोकसंख्येच्या देशात दर ४०,००० माणसांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट. त्याच काळात इंग्लंडमध्ये दर ३०० माणसांमागे एक. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट उमगते. हिंदुस्थानातील बहुतेक मनोरुग्ण भिंतीआड कधी गेलेच नव्हते. ते घरी होते, देवळांत आणि दर्ग्यांत होते, रस्त्यावर होते, क्वचित साखळीलाही बांधलेले होते. वसाहतीच्या राज्याने मनोरुग्णांना कोंडले असे आपण सर्रास म्हणतो, परंतु राज्याने बहुतेकांची दखलच घेतली नाही, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

आणि मग फाळणी आली.

विग यांचा जन्म १९३० चा, गुजराँवाला येथला. हे गाव लाहोरच्या उत्तरेला आहे आणि आज पाकिस्तानात मोडते. पंजाबचे मोठे मनोरुग्णालय लाहोरला होते, तेही पाकिस्तानात गेले. तिथल्या हिंदू आणि शीख रुग्णांचे काय करायचे, यावर दोन सरकारांचा पत्रव्यवहार चालू राहिला. अखेर डिसेंबर १९५० मध्ये सुमारे साडेचारशे बिगरमुस्लिम रुग्ण सरहद्दीच्या अलीकडे आणले गेले आणि दोनशेहून अधिक मुस्लिम रुग्ण पलीकडे पाठविण्यात आले. सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. वेड्यांची अदलाबदल ही लेखकाची अतिशयोक्त कल्पना आहे, असाच पुष्कळांचा समज असतो. ती कल्पना नव्हती. त्या रुग्णांची नोंद सरकारी दप्तरात आहे.

यांतील पुष्कळसे रुग्ण अमृतसरच्या मनोरुग्णालयात आले. तेथील अधीक्षक होते डॉ. विद्यासागर. रुग्ण शेकड्यांनी आणि हाताशी माणसे मोजकी, अशी स्थिती. त्यांनी काढलेला मार्ग तत्कालीन पाठ्यपुस्तकांत कुठेही नव्हता. रुग्णालयाच्या मोकळ्या आवारात त्यांनी तंबू ठोकले आणि नातेवाइकांना सांगितले, की रुग्णाला सोडून जाऊ नका, त्याच्यासोबत इथेच राहा. आई, भाऊ, बायको, जो कोणी आला असेल तो तंबूत राही. रुग्णाला खाऊपिऊ घाली, त्याच्यावरचे उपचार डोळ्यांनी पाही. डॉक्टर सर्वांना एकत्र बसवून बोलत. आजार म्हणजे काय, तो भूतबाधेतून येत नाही, बरा होऊ शकतो, घरी गेल्यावर कसे वागायचे, हे सारे धर्मग्रंथांतल्या ओळखीच्या गोष्टींच्या आधाराने सांगत.

याचे फळ काय मिळाले, हे विद्यासागर यांनीच पुढे नोंदवून ठेवले आहे. शेजारच्या तंबूतला रुग्ण सुधारताना डोळ्यांदेखत दिसला, की ‘हे दुखणे बरे होत नाही’ ही पिढीजात समजूत गळून पडे. रुग्णालयातला मुक्काम आखूड होई. नातेवाईक घरी परतत ते मानसिक आरोग्याविषयी काही नवे शिकूनच. तिजोरी रिकामी असताना निघालेली ही युक्ती होती, आणि ती पुढे उपचारपद्धती ठरली. विद्यासागर यांनी लिहिले फार थोडे. आपण इतिहासाचे विद्यार्थी कागदावर जगतो, त्यामुळे असे लोक आपल्या हातून निसटतात. ते निसटले नाहीत याचे मोठे श्रेय विग यांना आहे. विद्यासागरांच्या तंबूंची हकीकत ते आपल्या लेखांतून आणि व्याख्यानांतून आयुष्यभर सांगत राहिले.

आता विग यांच्याकडे वळू. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले, आणि मनोविकारशास्त्राचे पुढील शिक्षण त्यांनी बंगळूर व इंग्लंड येथे घेतले. बंगळूरला १९५४ मध्ये ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ’ सुरू झाली होती. आज तिला आपण निम्हान्स म्हणून ओळखतो. तोवर मनोविकारतज्ज्ञ व्हायचे तर विलायतेची वाट धरावी लागे. तिथे शिकविले जाणारे आजार, त्यांची नावे आणि उदाहरणे सगळी विलायतेची असत.

या विसंगतीला विग यांनी वयाच्या तिशीतच हात घातला. १९६० मध्ये लखनौच्या एका नियतकालिकात त्यांनी भारतातील मानसिक आरोग्याच्या प्रश्नांवर लेख लिहिला. ‘धात सिंड्रोम’ ही संज्ञा तिथूनच रूढ झाली. थकवा, अंगदुखी, उदासी, झोप उडणे अशा तक्रारी घेऊन तरुण दवाखान्यात येत आणि कारण सांगत : लघवीतून धातू जातो. भिंतींवर रंगविलेल्या धातुपुष्टीच्या जाहिराती आपल्याकडेही कुणाला अपरिचित नाहीत. विलायती वर्गीकरणात या तरुणांना बसवायला खण नव्हता. त्यांची तक्रार खुळेपणा समजून उडवून न लावता तिला नाव द्यावे, तिच्यामागची आयुर्वेदातील सप्तधातूंची कल्पना समजून घ्यावी आणि मग त्या तरुणाशी त्याच्या भाषेत बोलावे, असा हा विचार होता. पुढे १९९२ च्या ‘आयसीडी-१०’ या जागतिक वर्गीकरणात या संज्ञेचा समावेश झाला.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक शंका काढलीच पाहिजे. १९७५ च्या एका निबंधात विग आणि त्यांच्या सहलेखकाने या आजाराला पौर्वात्य संस्कृतीशी निगडित ठरविले होते. परंतु अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधील तिसो नावाच्या वैद्याने वीर्यनाशाच्या दुष्परिणामांवर लिहिलेला ग्रंथ युरोपभर गाजत होता, आणि एकोणिसाव्या शतकातही ती भीती तिकडे जिवंत होती. तेव्हा हा आजार केवळ पूर्वेचा, हे म्हणणे टिकत नाही. युरोप ती भीती विसरला, आपल्याकडे ती उरली, एवढेच फार तर म्हणता येईल. त्यामुळे विग यांच्या मूळ निरीक्षणाला बाध येत नाही. त्याला चिकटलेले ‘पौर्वात्य’ हे विशेषण तेवढे गळते.

चंडीगढला ‘पोस्ट ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट’ नुकतीच स्थापन झाली होती. १९६३ मध्ये विग यांनी तेथील मनोविकार विभाग उभारला आणि १९८० पर्यंत तो सांभाळला. त्या सतरा वर्षांचे महत्त्व कळण्यासाठी एक लहानशी पार्श्वभूमी हवी. सर्वसाधारण रुग्णालयात, म्हणजे जिथे ताप आणि हाडमोडीचे रुग्ण येतात तिथेच, मनोरुग्णांना तपासण्याचा आरंभ कोलकात्याला १९३३ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी केला होता. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी तो कित्ता गिरविला. पुढे के. ई. एम. मध्ये डॉ. वाहिया यांनी विभाग नावारूपाला आणला आणि पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेल्या उपचारांचे प्रयोगही केले. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नव्हती. तरी मनोविकारशास्त्राचे घर म्हणजे मनोरुग्णालय, आणि सर्वसाधारण रुग्णालयातील विभाग म्हणजे पडवी, असाच समज होता.

ही पडवी राहण्याजोगी झाली त्याला औषधेही कारण आहेत. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसून आला. त्याच सुमारास आपल्याकडची सर्पगंधा जगाच्या नजरेत आली. कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी उन्मादावरील तिच्या गुणाविषयी १९३१ मध्येच लिहून ठेवले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा लेख १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे पाश्चात्त्य वैद्यकाचे तिकडे लक्ष गेले. औषधाने खवळलेला रुग्ण शांत होऊ लागला आणि उघड्या दारांचा वॉर्ड शक्य झाला.

चंडीगढच्या वॉर्डाची घडण कशी होती? दारे बंद नाहीत, मॅजिस्ट्रेटचा आदेश नाही, आणि दाखल होताना अट एकच : घरचे एक माणूस रुग्णाजवळ राहील. अमृतसरचा तंबू इथे पक्क्या इमारतीत आला होता. फरक असा, की अमृतसरला शिकणारे होते नातेवाईक, तर चंडीगढला त्यांच्याच शेजारी पदव्युत्तर विद्यार्थीही शिकू लागले. मनोरुग्णालयात वाढलेला विद्यार्थी वर्षानुवर्षे खितपत पडलेले रुग्ण पाहतो, आणि आजार म्हणजे हेच असे त्याच्या मनावर ठसते. सर्वसाधारण रुग्णालयातल्या विद्यार्थ्याला आजाराचा पहिला आठवडाही दिसतो, आणि महिन्याभरात घरी जाणारा रुग्णही दिसतो. शिवाय शेजारच्या वॉर्डातील फिजिशियन त्याला बोलावतो आणि त्याचे मत विचारतो. विग यांचे अध्यापक म्हणून मोठेपण मला इथे दिसते. काय शिकवायचे याइतकाच, कुठे उभे राहून शिकवायचे, याचाही निर्णय त्यांनी घेतला होता.

मोजमापाची साधने उसनी नकोत, हाही त्यांचा आग्रह होता. मानसशास्त्रज्ञांच्या साहाय्याने हिंदीभाषक रुग्णांसाठी प्रश्नावल्या आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या तयार झाल्या. ‘पीजीआय’ हे नाव लागलेल्या या चाचण्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही माहीत असतात.

कुटुंब सोबत असणे खरोखर हिताचे असते काय, हाही प्रश्न त्यांनी श्रद्धेवर सोडला नाही. लंडनच्या संशोधकांनी दाखविले होते, की छिन्नमनस्कतेच्या रुग्णाच्या घरी टीका, राग आणि अतिगुंतवणूक फार असेल, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. हे ते नातेवाइकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून, बोलण्याच्या आशयासोबत स्वरही तपासून मोजत. आता हिंदीत आई मुलाविषयी ज्या स्वरात कुरकुरते, ती टीका समजायची की माया? इंग्रजी कानाला ते कळेल काय? आधी याची पडताळणी झाली, आणि मग चंडीगढच्या शहरी व ग्रामीण कुटुंबांची पाहणी. १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा भावनिक ताणाची कुटुंबे चंडीगढच्या नमुन्यात २३ टक्के निघाली, तर लंडनमध्ये हे प्रमाण जवळपास दुप्पट होते. खेड्यांत तर ते शहराहूनही पुष्कळ कमी होते. भारतीय कुटुंबाचे गोडवे गाण्यासाठी हा आकडा वापरण्याचा मोह अनेकांना झाला आहे. परंतु चंडीगढमध्येही २३ टक्के होतेच, हे विसरता कामा नये.

विग यांच्या कामाचा तिसरा टप्पा रुग्णालयाबाहेरचा. चंडीगढपासून जवळ, हरियाणात रायपूर राणी नावाचा ग्रामीण विकासगट आहे. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सात देशांत एक प्रयोग हाती घेतला, त्यातील भारताचे क्षेत्र रायपूर राणी होते. कल्पना साधी होती. मनोविकारतज्ज्ञ खेड्यात जाऊन बसू शकत नाही, पण प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर आणि आरोग्य सेवक तिथे आधीच आहेत. त्यांना मोजके आजार ओळखायला आणि मोजकी औषधे द्यायला शिकविले तर? याच प्रकल्पातून भारत, सुदान, कोलंबिया आणि फिलिपिन्स या चार देशांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांची पाहणी झाली. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, केंद्रात येणाऱ्या प्रौढांपैकी १३.९ टक्के लोकांना मानसिक आजार होता. त्यांतील बहुतेकजण डोकेदुखी, अशक्तपणा, पोटदुखी असे काही सांगत आलेले होते. ज्यांना शोधायला निघालो ते रांगेत आधीच उभे होते.

रायपूर राणीचा अनुभव विग, श्रीनिवास मूर्ती आणि हार्डिंग यांनी १९८१ मध्ये लिहून काढला. बंगळूरजवळच्या सकलवारा येथेही असाच प्रयोग चालला होता. या दोन प्रयोगांच्या पायावर ऑगस्ट १९८२ मध्ये ‘राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम’ संमत झाला. त्याचा मसुदा करणाऱ्यांत विग होते. कार्यक्रम झाला, मात्र पैसा आला नाही. जिल्हा पातळीवर तो नेण्यासाठी १९९६ उजाडावे लागले, आणि तेव्हाही आरंभ अवघ्या चार जिल्ह्यांनी झाला. आपल्याकडे चांगल्या कागदाला चालायला पाय फुटेपर्यंत एक पिढी जाते.

दरम्यान विग चार वर्षे दिल्लीच्या एम्समध्ये प्राध्यापक होते. १९८४ ते १९९० या काळात ते अलेक्झांड्रियाला जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्व भूमध्यसागरी विभागाचे मानसिक आरोग्य सल्लागार होते. या विभागात पाकिस्तान येतो. १९८६ मध्ये पाकिस्ताननेही आपला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला. रावळपिंडीचे डॉ. मलिक मुबश्शर यांनी गुजर खान तालुक्यात आणि तेथील शाळांत केलेले काम पुढे जगभर वाखाणले गेले. गुजराँवाल्यात जन्मलेला भारतीय डॉक्टर इजिप्तमध्ये बसून पाकिस्तानच्या खेड्यांतील मानसिक आरोग्याचा विचार करीत होता, हा योग मंटोंना आवडला असता असे वाटते.

निवृत्तीनंतर ते चंडीगढला परतले आणि लिहीत राहिले. २००४ मध्ये त्यांनी लिहिलेला एक छोटा निबंध मला विशेष प्रिय आहे. विषय ‘हनुमान गंड’. समुद्रकाठी वानरसेना हताश बसली आहे आणि हनुमानाला स्वतःच्याच सामर्थ्याचा विसर पडला आहे. जांबवंत त्याला नवी शक्ती देत नाही, केवळ आहे तिची आठवण करून देतो. विग म्हणतात ते असे, की मानसोपचार म्हणजे जांबवंताचे काम. विद्यासागर तंबूंपुढे बसून हेच करीत होते. पाश्चात्त्य मनोविश्लेषणाने ग्रीक पुराणांतून ईडिपस उचलला, मग आपण किष्किंधाकांड का टाळावे?

आता ती अडचण, जिचा उल्लेख आरंभी केला. ‘घरचे एक माणूस हवे’ ही या साऱ्या परंपरेची मूळ अट. ज्याला घरच नाही त्याचे काय? आणि ‘घरचे माणूस’ म्हणजे व्यवहारात बहुधा आई, बायको, बहीण. तिची बुडालेली मजुरी आणि तिचे थकलेले शरीर यांचा जमाखर्च कुठल्याही अहवालात पुरेसा दिसत नाही. अमृतसरला नाइलाजाने जे करावे लागले, तेच पुढे शासनाच्या सोयीचे झाले. कुटुंब सांभाळतेच आहे, मग खाटा, परिचारिका आणि निवारे कशाला? हा दोष विग यांच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी कुटुंबाला डॉक्टरच्या शेजारी उभे केले, डॉक्टरच्या जागी नव्हे. पण धोरणे आखणारे सोयीचे तेवढेच उचलतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण तिच्यात जळून मेले. त्यांतील अनेकांना घरच्यांनीच तिथे आणून सोडले होते. राष्ट्रीय कार्यक्रमाला तेव्हा एकोणीस वर्षे होत आली होती.

विग यांचे जुलै २०१८ मध्ये निधन झाले. त्याआधी काही आठवडे, २९ मे २०१८ रोजी, नवा मानसिक आरोग्य सेवा कायदा अमलात आला होता. मानसिक उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सर्व पातळ्यांवरील सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावले पाहिजेत, असे त्याचे अठरावे कलम सांगते. एकोणिसाव्या कलमाप्रमाणे, केवळ कुटुंब नाही, किंवा कुटुंब स्वीकारत नाही, किंवा घर नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही.